शेपूट नसलं तर नसलं, चाल बघा

प्रिय डॉक्टर,

आमच्याकडे नुकतंच मँक्स जातीच्या मांजराचं पिल्लू आलंय. मनी, वय अडीच महिने. शेपटीच्या जागी काही म्हणजे काहीच नाही, नुसता गोल गरगरीत मागचा भाग. पळताना मागचे दोन्ही पाय जोडून उड्या मारते, ते सगळ्यांना इतकं आवडतं की ह्यांचा फोन तिच्या व्हिडिओंनी भरलाय. मला मात्र दोन गोष्टी खटकतात. ती झोपून उठली की अंथरुणावर ओले थेंब दिसतात आणि शी बरेचदा मागे चिकटून राहते. सासूबाईंचं म्हणणं, हिचं शेपूट कुणीतरी तोडलंय, आता हिला तोल सांभाळता यायचा नाही. ज्यांच्याकडून आणली ते म्हणतात, ‘लहान आहे, शिकेल. वर्षभरानं आमच्या बिनशेपटीच्या बोक्याशी जोडी लावा, सगळी पिल्लं बिनशेपटीचीच होतील.’ यात खरं किती? आणि हिची निगा कशी राखायची?

– एक काळजीत पडलेली वाचक

ताई,

जातीची कौतुकं नंतर सांगते, आधी थेंबांचं बोलू.

मांजराच्या पिल्लाला वाळूत जायला फारसं शिकवावं लागत नाही. महिन्या-सव्वा महिन्याचं झालं की ते आपणहून उकरायला लागतं. खेळाच्या नादात एखादं पिल्लू ट्रेपर्यंत पोचत नाही आणि कोपरा गाठतं, तेव्हा ते व्यवस्थित बसतं, शू करतं आणि डबकं करून ठेवतं. ती सवयीची बाब, आणि ती खरंच सुधारते. मनीचं तसं दिसत नाही. झोपेत थेंब गळतात याचा अर्थ शू होतेय हे तिला कळतच नसावं. जोडीला शी मागे चिकटतेय. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की ‘लहान आहे, शिकेल’ हे उत्तर मला पटत नाही, मग ते कुणीही देवो. या आठवड्यातच तिला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आणि पोट फुगून ताठ लागत असेल, ती ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल पण शू होत नसेल, खाणं सोडलं असेल किंवा उलट्या होत असतील, तर आठवड्याची वाट बघू नका. त्याच दिवशी न्या, रात्र झाली असली तरी.

आता त्या उड्या. मँक्सचे मागचे पाय पुढच्या पायांपेक्षा लांब आणि पाठ आखूड असते. त्यामुळे जोरात पळताना ही मांजरं थोडीफार उड्या मारल्यासारखी दिसतात, त्यात वावगं काही नाही. म्हणून पळताना नका बघू, चालताना बघा. गुळगुळीत फरशी नको, सतरंजी अंथरा. तिला सावकाश चालू द्या आणि तुम्ही मागे बसा. मागचे पाय एकाआड एक पडतात की दोन्ही एकदम उचलले जातात? ती पंजांवर उभी राहते की मागच्या पायाची टाच जमिनीला टेकवते? दोन पायांत फार अंतर ठेवून डुगडुगते का? मागच्या पंजांच्या वरच्या बाजूचे केस घासून गेलेत का? सावकाश चालतानाही जोडपायानंच उडी मारत असेल, तर तो गोंडसपणा नव्हे, कण्यातल्या नसांचं दुखणं असू शकतं. तुमच्या ह्यांना म्हणावं, आता एक कामाचा व्हिडिओ काढा: मागून, सतरंजीवर, संथ चालीचा. दवाखान्यातल्या टेबलावर पिल्लं अंग चोरून बसतात, एक पाऊल टाकत नाहीत. तेव्हा तो व्हिडिओ फार उपयोगी पडतो.

डॉक्टर काय काय करतील तेही सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही बावरणार नाही. पोटावरून मूत्राशय चाचपतील. शू करून आल्यावरही ते भरलेलंच लागलं, तर ते पुरतं रिकामं होत नाही आणि भरून वाहतंय, असा अर्थ. आतड्यात शीचे खडे साठलेत का, ते बघतील. मग गुदद्वाराच्या कडेला हलकेच स्पर्श करतील किंवा बारीकसा चिमटा काढतील. निरोगी पिल्लाचं गुदद्वार लगेच आकसतं. ते सैलच राहिलं, तर तिथपर्यंत निरोप पोचत नाही हे कळतं. लघवीची तपासणी होईल, कारण साठून राहिलेल्या लघवीत जंतूंना आयतंच फावतं. कण्याचा एक्स-रे काढतील. एवढ्या लहान वयात हाडं पक्की झालेली नसतात, त्यामुळे पुढे तो पुन्हा काढावा लागू शकतो. नसांचं आतलं चित्र हवं असेल तर एमआरआय सुचवतील, पण तो प्रत्येक पिल्लाला लागतोच असं नाही.

हे सगळं शेपटीशी कसं जोडलेलं आहे, ते आता बघू. मांजराच्या कण्यात मानेचे ७, छातीचे १३, कमरेचे ७, त्यापुढे त्रिकाचे, म्हणजे कंबर आणि शेपटी यांच्या मधल्या भागाचे, ३ जुळलेले मणके आणि मग शेपटीचे विसेक मणके असतात. शेपूट म्हणजे कण्याचाच शेवटचा भाग. आणि मूत्राशय, मोठ्या आतड्याचं टोक, गुदद्वार या सगळ्यांचा कारभार बघणाऱ्या नसा निघतात त्या नेमक्या शेपटीच्या अलीकडच्या त्रिकाच्या भागातून. गर्भात कणा घडताना त्याचं शेवटचं टोक ज्या जनुकाच्या हुकमानं आकार घेतं, त्यातच मँक्समध्ये बिघाड असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं हे टी-बॉक्स कुळातलं, ब्रॅकियुरी नावाचं जनुक असल्याचं दाखवलं. त्यात एक नव्हे, वेगवेगळे बदल सापडले. हा बिघाड कुठे थांबेल, ते पिल्लागणिक बदलतं. कुठे शेपटीचे चार मणके कमी होतात आणि गोष्ट तिथेच संपते. कुठे तो आत सरकतो, त्रिकाचे मणके अर्धवट राहतात किंवा पाठीचा कणा नीट मिटतच नाही, ज्याला डॉक्टर स्पायना बायफिडा म्हणतात. अशा दुखण्यांना मिळून मँक्स सिंड्रोम म्हणतात. गळणारी शू, बद्धकोष्ठ किंवा सतत सुटणारी शी, जोडपायाची चाल, मागच्या भागाला कमी जाणीव, ही त्याची लक्षणं. बहुतेक वेळा ती पहिल्या चार-सहा महिन्यांतच उघड होतात. म्हणूनच जाणते ब्रीडर मँक्सचं पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत हातातून सोडत नाहीत. तुम्हाला अडीच महिन्यांचं मिळालं. देणाऱ्याविषयी मी काय ते मनात समजले.

हे वाचून लगेच धीर सोडू नका. मनीला सिंड्रोम आहे असं मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि कुणी सांगूही नये. साधा जंतुसंसर्ग असेल तर औषधानं बरा होतो. जंतांमुळे किंवा खाणं बदलल्यामुळे पातळ शी होऊन ती चिकटत असेल, तर तोही साधा मामला. शिवाय सिंड्रोम निघाला तरी त्याला पायऱ्या असतात.

सौम्य असेल तर पुष्कळ करता येतं. मूत्राशय हातानं दाबून रिकामं करण्याची एक पद्धत असते. ती डॉक्टरांसमोर, त्यांचा हात बघत, तुमचा हात त्यांना दाखवत शिका. व्हिडिओ बघून स्वतः प्रयोग करू नका, चुकीच्या दाबानं इजा होते. हात बसला की दिवसातून दोन-तीनदा, ठरल्या वेळी, दोन मिनिटांचं काम. अशा मांजरांचे कितीतरी पालक ते दात घासण्याइतक्या सहजतेनं करताना मी बघते. ओल्या खाण्यावर भर द्या आणि दोन-तीन जागी पाणी ठेवा, म्हणजे शी खडा होत नाही. शी मऊ राहावी म्हणून डॉक्टर लॅक्ट्युलोजसारखं औषध देतील, त्याचं प्रमाण तेच ठरवतील. बद्धकोष्ठ दुर्लक्षित राहिलं तर मोठं आतडं ताणून ताणून कायमचं सैल पडतं आणि मग ते पूर्ववत होणं अवघड. म्हणून मनी रोज शी करते का, याची कॅलेंडरवर खूण करा. दोन दिवस खूण पडली नाही की फोन करा.

घरगुती उपायांना मात्र इथे हात जोडा. माणसांसाठी मिळणारा फॉस्फेटचा एनिमा मांजराला दिला तर जिवावर बेतू शकतं, पिल्लाला तर नक्कीच. दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉलचा चुराही नाही. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही आणि थोड्या मात्रेतही मांजर दगावतं. शूनं मागची कातडी लाल झाली तर बाळाच्या लंगोटपुरळाचं मलम चोपडू नका. त्यात बहुधा झिंक ऑक्साइड असतं आणि मनी ते चाटणारच. कोमट पाण्यानं पुसायचं, मऊ कापडानं पूर्ण कोरडं करायचं, मागचे केस कात्रीऐवजी ट्रिमरनं आखूड ठेवायचे. मलम लागलंच तर डॉक्टरांनी दिलेलं.

आणि तीव्र असेल तर? मागच्या भागाला जाणीवच नाही, पाय ओढत चालतंय, संसर्ग जात नाही, आतडं हलत नाही, अशीही पिल्लं असतात. तेव्हा डॉक्टर शांतपणे निरोप द्यायचा विषय काढतील. त्यांच्यावर रागावू नका. ‘हिला वेदना आहेत का, हिचा दिवस कसा जातो’ हे दोन प्रश्न त्यांना विचारा आणि उत्तर नीट ऐका. घरातले कुणी ‘जीव आहे तोवर राहू दे’ म्हणतील, तर त्यांनाही बरोबर घेऊन जा.

आता सासूबाईंच्या शंकेकडे येते. त्यांनी निदान विचार तरी केला, बाकी सगळे उड्यांवर खूश होते! पण हे शेपूट तोडलेलं असण्याची शक्यता कमी आहे. कण्याच्या शेवटाला बोट फिरवून बघा. जन्मतः बिनशेपटीच्या मांजरीला तिथे हाड लागत नाही, उलट छोटासा खळगा लागतो. तोडलेल्या शेपटीला हाडाचं बोथट टोक आणि व्रण लागतो. एक्स-रेमध्ये शंका उरणारच नाही. बोट मात्र हलकं फिरवा. तिथे जोर द्यायचा नाही, मुलांना थोपटू द्यायचं नाही. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली, सगळं वजन तोलून. पुढच्या पायांना धरून लोंबकळत उचलणं कुठल्याच मांजराला बरं नाही, हिला तर अजिबात नाही.

तोलाचं म्हणाल तर मांजर हवेत वळून पायांवर पडतं ते लवचिक कणा आणि कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेमुळे. बिनशेपटीचं मांजरही तसंच वळतं. मँक्स तर उत्तम उडी मारणारी आणि उंदीर धरण्यात पटाईत म्हणून ओळखली जाते. मागच्या लांब पायांचा जोर कामी येतो. खिडकीला जाळी मात्र लावाच, कारण पडायचं तर शेपटीवालंही पडतं.

ही जात आली आइल ऑफ मॅन या बेटावरून, ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आयरिश समुद्रातल्या. छोट्याशा बेटावर मांजरं आपापसात वाढत गेली, त्यामुळे कधीतरी झालेला हा बदल तिथे टिकला आणि पसरला. बेटाला या मांजराचा एवढा अभिमान की १९७० साली त्यांनी क्राउन नाण्यावर तिला बसवली. नोहाच्या नौकेत चढायला उशीर झाला आणि दारात शेपूट अडकून तुटलं, अशी एक जुनी कथा आहे. ससा आणि मांजर यांच्या संकरातून ही जात झाली, असंही कुणी छातीठोकपणे सांगेल. कथा ऐकायला छान आहे. संकराची गोष्ट मात्र निव्वळ थाप, ससा आणि मांजर यांचा संकर होत नाही.

सगळ्या मँक्स मनीसारख्या नसतात हेही लक्षात ठेवा. अजिबात हाड नसलेलीला रम्पी म्हणतात. हात फिरवल्यावर एखादा उंचवटा लागतो ती रम्पी रायझर, आखूड ठुटा असलेली स्टम्पी आणि जवळजवळ पूर्ण शेपटीची लाँगी. चारही प्रकार एकाच वेताला जन्मू शकतात. लांब केसांच्या मँक्सला किम्रिक म्हणतात. ठुट्यावाल्यांचं वेगळं दुखणं म्हणजे उतारवयात त्या मणक्यांत संधिवात शिरतो. तेव्हा शेपटीला हात लावला की मांजर फिसकारतं आणि घरच्यांना वाटतं स्वभाव बिघडला.

तपासण्या निर्वेध पार पडल्या, तर मनीची निगा बाकी मांजरांसारखीच. केस दुहेरी असतात, आत लोकरीसारखा थर आणि वर जाड थर. आठवड्यातून दोनदा ब्रश पुरे, केस गळतीच्या दिवसांत जास्त. लस, जंताचं औषध, नखं, दात, यांत जातीचा काही संबंध नाही. वजनावर डोळा ठेवा. ही मांजरं मुळात गोलमटोल असतात, त्यामुळे ‘भरलेली’ आणि ‘लठ्ठ’ यांतला फरक लवकर कळत नाही. बरगड्या बोटांना सहज लागायला हव्यात. वाळूच्या ट्रेची एक कड बुटकी ठेवा. पूर्ण वाढ सावकाश होते, काहींना पाच वर्षंही लागतात, तेव्हा वर्षाची झाली आणि अजून लहानच दिसते म्हणून खायला वाढवू नका.

स्वभावाला मँक्स लाघवी. पायात पायात करत खोलीखोलीतून मागे येणारी. फेकलेला बोळा तोंडात धरून परत आणून देते, हे बरीच मँक्स मांजरं न शिकवता करतात. नळाखाली पंजा घालणं, पाण्याच्या भांड्यात खेळणं हेही ओघानं आलं. लोक तिला कुत्र्यासारखी म्हणतात. मला ती तुलना थोडी अन्यायाची वाटते, मांजरानं माणूस आवडल्याचं दाखवलं तर ते मांजरासारखंच असतं की! दिवसभर घर रिकामं असेल तर मात्र तिला एकटेपण जाचतं.

आता जोडी लावायचं. माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे, आणि त्यामागे हिशेब आहे. बिनशेपटीच्या प्रत्येक मँक्समध्ये त्या जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर गर्भ पोटातच, अगदी सुरुवातीला, मरतो. म्हणजे बिनशेपटीची मांजरी आणि बिनशेपटीचा बोका एकत्र आले की दर चार गर्भांत सरासरी एक जातो, दोन मँक्स होतात आणि एक पूर्ण शेपटीचं. ‘सगळी पिल्लं बिनशेपटीची होतील’ हे त्यामुळे मुळातच खोटं आहे. शिवाय बिनशेपटीच्या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या लावत गेलं की वाचलेल्या पिल्लांतही कण्याचा त्रास बळावतो, असा जुन्या ब्रीडरांचा अनुभव. म्हणून विचारी ब्रीडर बिनशेपटीच्या मांजराची जोडी शेपटीवाल्याशी लावतात. तेव्हा दोन्हीकडून बिघडलेली प्रत येऊच शकत नाही आणि कुठलाही गर्भ त्यापायी जात नाही, पण जन्मलेल्या मँक्स पिल्लाला सिंड्रोम होण्याची शक्यता मात्र राहतेच. मनीच्या तपासण्यांत काही निघालं, तर पिल्लं काढण्याचा प्रश्नच उरत नाही. काही नाही निघालं तरी पाच-सहा महिन्यांची झाली की डॉक्टरांना विचारून नसबंदी करून टाका. आणि तपासणीत जे निघेल ते तिच्या मूळ मालकांना कळवा. त्यांना आवडेल का नाही हा प्रश्न नाही, तिचे आईबाप पुढेही पिल्लं देणार आहेत.

मनीला सोबत हवी म्हणून पुढेमागे दुसरं मांजर आणावंसं वाटलं, तर साधं शेपटीवालं आणा, दोघांचं छान जमेल. आखूड शेपटीचंच हवं असा हट्ट असेल, तर जपानी बॉबटेलचा विचार करा. तिच्या शेपटीचं जनुक वेगळं, एचईएस७ नावाचं. त्यातल्या बदलानं शेपटीचे मणके वेडेवाकडे जुळतात आणि गोंड्यासारखी आखूड शेपटी होते. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरी पिल्लं ठणठणीत जन्मतात आणि मँक्ससारखा त्रिकाचा बिघाड या जातीत येत नाही. फक्त तिची मुडपलेली शेपटी ओढून सरळ करायची नाही, दुखतं. पण नुसत्या ‘बॉबटेल’ या पाटीवर जाऊ नका. अमेरिकन बॉबटेलमध्ये मँक्सच्याच जनुकातले बदल सापडलेले आहेत. आखूड शेपटी कुठल्या जनुकाची, हे सांगणारी चाचणी उपलब्ध आहे. पिल्लाच्या आईबापांचा तो अहवाल बघायला मागा, पिल्लू चार महिन्यांचं होऊ द्या, त्याला जमिनीवर चालताना बघा आणि त्याच्या मागच्या भागाला हात लावून तिथे कोरडं आहे ना, ते बघा. यातल्या कशालाही टाळाटाळ झाली, तर पिल्लू कितीही गोड असो, हात हलवत परत या.